वर्गणी देते, पण एक तास गाळासाठी ठेवा

मे महिना लागला की चिपळूणच्या बाजारपेठेत चालायला जागा उरत नाही. मुंबई-पुण्याचे चाकरमानी उतरलेले असतात. वाडीवाडीत सत्यनारायणाच्या पूजा, हळदी, लग्नं, कुठे नमन, कुठे व्याख्यान आणि रात्री दिव्यांच्या झोतात क्रिकेटचे सामने. माझं दुकान शिवणकामाच्या साहित्याचं आहे. बटणं, दोरे, अस्तर, चेन, लेस, इलॅस्टिक. लग्नसराईत गिऱ्हाइकाला उसंत नसते, मलाही नसते. ब्लाउजच्या कापडाला जुळणारं अस्तर मी शोधेपर्यंत बायका बोलत उभ्या राहतात आणि गावात काय चाललंय ते मला तिथेच कळतं. कोणत्या वाडीने चषक ठेवला, पहिलं बक्षीस किती, पाहुणा कोण, जेवणाला काय. आणि हे सगळं सांगून झालं की हमखास एक प्रश्न येतो : "काय हो, यंदा गाळ काढला का?"

या प्रश्नाचं उत्तर गल्ल्यावर कोणाकडेच नसतं. एक म्हणते, मशीन दिसलं होतं. दुसरी म्हणते, दिसलं होतं ते मागच्या वर्षी. तिसरी म्हणते, काढला तो काठावरच टाकलाय, पहिल्या पावसात परत नदीत. मग अस्तर मिळतं, पैसे देऊन बायका जातात, आणि गावाचा सर्वांत मोठा प्रश्न दुकानाच्या पायरीवरच राहतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं : वर्षातल्या ज्या महिन्यात हे शहर सर्वांत जास्त एकत्र जमतं, त्याच महिन्यात नदीचं, नाल्यांचं, रस्त्यांचं काम उरकावं लागतं. पाऊस सात-आठ जूनला दारात उभा असतो. म्हणजे माणसं जमलेली आणि काम चालू, अशी वेळ वर्षात एकदाच येते. तरी या दोघांची गाठ पडत नाही. मैदानात चषक वाटले जातात, विकासाचे निर्णय बंद खोलीत होतात, आणि आपण जुलैत एकमेकांना विचारतो, पाणी कुठवर आलं?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. वाशिष्ठी ही आमची नदी. सह्याद्रीतून उतरते आणि दाभोळच्या खाडीला मिळते. कोयनेचं पाणी डोंगर पोखरून पोफळी-अलोऱ्याकडे आणलेलं आहे. तिथे वीज करून ते कोळकेवाडी धरणात आणि तिथून शेवटी वाशिष्ठीत येतं. त्यामुळे आमची नदी भर मे महिन्यातही आटत नाही. शहराचं पिण्याचं पाणीही त्यावरच. वीजनिर्मिती थांबली की आमच्या नळांना धाप लागते. तेव्हा पूर आणि टंचाई ही दोन्ही दुखणी आमच्याकडे एकाच नदीची आहेत. वरून डोंगराचं पाणी, खालून भरतीचं पाणी, मध्ये शहरातून येणारी शिवनदी आणि पात्रात साचून साचून झालेली गाळाची बेटं. या सगळ्याचा मेळ एका रात्री बसला की काय होतं ते आम्ही २००५ च्या जुलैत पाहिलं आणि २२ जुलै २०२१ ला त्याहून वाईट पाहिलं.

२००५ नंतर आम्ही दुकानातली मालाची फळी उंच केली होती. घरचे म्हणाले, आता पाणी इथवर यायचं नाही. २०२१ ला पाणी त्या फळीच्याही वर गेलं. ओसरल्यावर शटर उचकटून आत शिरलो तर बटणांच्या खोक्यांचा लगदा झालेला, बटणं तेवढी शाबूत. घरातल्या आम्ही बायका बादल्या घेऊन बसलो. चाळणीत घालून बटणं धुतली, रंगावारी निवडली, उन्हात चादरीवर पसरली. चेन मात्र सगळ्या टाकाव्या लागल्या. दातांत बारीक रेती एकदा बसली की चेन सरकत नाही, कितीही धुवा. त्याच पुरात आमच्या एसटी आगाराचे प्रमुख सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन् तास बसून होते, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. चिपळूणकरांना अशा गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतील. आणि खाडीकाठची, मोहल्ल्यांतली पोरं होड्या घेऊन कशी धावली, तेही कोणी विसरलेलं नाही.

पुराच्या कारणांवर आजही एकमत नाही. कोणी धरणातून सोडलेल्या पाण्याला दोष देतं, कोणी भरतीला, कोणी गाळाला, कोणी शहराच्या सखल भागात पडलेल्या भरावाला. पण एक गोष्ट घडली ती नोंदवायला हवी. २०२१ च्याच डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं. व्यापारी बसले, शिक्षक बसले, रिक्षावाले बसले, आम्ही बायकाही दुपारची कामं आवरून बसलो. त्यानंतर यंत्रणा हलली. नाम फाउंडेशनही मदतीला आलं आणि २०२२ च्या उन्हाळ्यात वाशिष्ठीच्या पात्रात पोकलेन उतरले. नदीकाठी तेव्हा संध्याकाळी ही गर्दी! लोक मुलांना घेऊन गाळ काढताना बघायला जात. मला त्या गर्दीचं फार अप्रूप वाटलं, कारण आपल्या गावाचं काम आपण बघायचं असतं ही सवय त्या एका उन्हाळ्यात लागली होती. पुढच्या वर्षी मशीन कमी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी गर्दी कमी झाली. आता पात्रात काय चाललंय हे पुलावरून जाताना मान वळवून बघण्यापुरतंच उरलंय.

गर्दी मात्र आहे. ती दुसरीकडे आहे, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या आग्रहावरून एका स्पर्धेचा अंतिम सामना बघायला गेले. टेनिस बॉलचं क्रिकेट, रात्रीचे अकरा वाजलेले, मैदानाभोवती बांबूला बांधलेले दिवे, आणि माइकवर असा समालोचक की बॉल हातातून सुटायच्या आत त्याची कोटी तयार. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू होतं. दुबईत आणि कुवेतमध्ये बसलेली आमचीच माणसं त्यावर प्रतिक्रिया टाकत होती आणि समालोचक त्या नावानिशी वाचून दाखवत होता. डावांच्या मधल्या वेळेत पाहुणे आले. सामना थांबला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. मग भाषण : तरुणांनी खेळाकडे वळावं, गावाचं नाव मोठं करावं, तुमच्या मैदानासाठी काय लागेल ते सांगा. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी कठड्यावर बसलेला एक रिक्षावाला मोठ्याने म्हणाला, "साहेब, मैदानाचं राहू द्या, मागच्या नाल्याचं बघा!" आजूबाजूचे हसले. माइकवाल्याने तेवढ्यात गाणं लावलं आणि पुढचा डाव सुरू झाला.

त्या रिक्षावाल्याने विचारलं ते चूक होतं का? मुळीच नाही. मैदानामागचा नाला तुंबला की मैदानाचं तळं होतं हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उत्तर देऊ शकणारा माणूस समोर उभा होता. ऐकणारे शेकड्याने बसले होते. फक्त प्रश्न विचारायची वेळ कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

कोणी म्हणेल, प्रश्न विचारायला नगरपरिषद आहे, तिथे जा. जाऊ की. पण शहरातल्या साध्या माणसाला तिथे बोलायची जागा कितीशी आहे ते बघा. चिपळूण तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात १ मे रोजी ग्रामसभा असते. ती कधी कोरमअभावी तहकूब होते, कधी भांडणात उधळते, पण असते. अंगणवाडीच्या छपरापासून पाखाडीच्या कामापर्यंत काहीही विचारता येतं आणि ग्रामसेवकाला वहीत लिहून घ्यावं लागतं. मोठ्या शहरांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना बंधनकारक. २०११ च्या जनगणनेत आमची वस्ती ५५ हजारांच्या घरात. म्हणजे आम्ही खेडं नाही म्हणून ग्रामसभा नाही आणि मोठं शहर नाही म्हणून प्रभाग समितीचा हक्क नाही. महाराष्ट्रात अशी कितीतरी गावं-शहरं आहेत. वाई, खेड, सावंतवाडी, संगमेश्वराच्या पलीकडची रत्नागिरीसुद्धा. सगळ्यांची अवस्था थोड्याफार फरकाने हीच. त्यातून २०२१ च्या अखेरीस नगरपरिषदेची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं आमच्याकडे प्रशासक होते. पूर येऊन गेल्यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा काळ आम्ही निवडून दिलेल्या नगरसेवकांवाचून काढला. २०२५ च्या डिसेंबरात निवडणूक झाली, आता विचारायला माणसं आहेत. पण विचारायची सवय मोडली आहे.

विकास आराखड्याची गोष्ट घ्या. कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. जाहिरात वर्तमानपत्रात येते, नकाशा कचेरीत लागतो. नकाशातला एक इंच म्हणजे जमिनीवरचं किती, आपलं घर कुठल्या रंगात, ठिपक्यांची रेघ रस्त्याची की आरक्षणाची, हे कळायला माणूस वास्तुविशारद असावा लागतो, नाहीतर दलाल. दलालांना नीट कळतं. बाकीच्यांना तीस दिवस संपल्यावर कळतं.

पूररेषेचं तर विचारूच नका. २०२१ नंतर शहरावर निळी आणि लाल रेषा आली. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल त्याची लाल. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लालच्या मध्ये अटी. कागदावर हे शहाणपणाचं आहे. पण आमचं जुनं शहर जवळजवळ सगळंच या रेषांत सापडलं. बाजारपेठेत हाहाकार उडाला, निवेदनं गेली, मोर्चे निघाले. माझं दुकान नेमकं कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे बघायला मी एका कचेरीत गेले होते. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. शेवटी एका भल्या माणसाने संगणकावर नकाशा उघडून दाखवला. माझ्या गल्लीच्या जागी एक जाड रेघ होती. तिच्या जाडीतच आमची दहा दुकानं मावत होती. मी विचारलं, आम्ही रेषेच्या अलीकडे की पलीकडे? तो म्हणाला, "ताई, तुम्ही रेषेतच आहात."

इथे मला माझ्याच लोकांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, दोन शब्द ऐकवायचे आहेत. रेषा हटवा, हे आपलं म्हणणं. ती हटली तर माझ्या गाळ्याची किंमत वाढेल, कर्ज सोपं होईल, वर मजला चढवता येईल. मला ते नको आहे असं मी म्हणणार नाही. पण पाणी कागद वाचून येत नाही. रेषा हटवून पूर हटत नाही, तो हटतो नदीला जागा दिल्याने. आणि नदीची जागा आपणच खाल्ली. सखल शेतजमिनीत आणि खाजणात भराव टाकला, प्लॉट पाडले, कुंपणं घातली. गंमत अशी की नदीतून उपसलेला गाळ हाच भरावाला उत्तम माल. एकीकडे पात्र खोल करायचं आणि तोच गाळ पूर सामावून घेणाऱ्या जमिनीवर टाकून ती उंच करायची, यात शहराचा फायदा किती आणि प्लॉटवाल्याचा किती, हा प्रश्न कोणीतरी भर सभेत विचारायला हवा. तुमच्या प्लॉटवरून हाकललेलं पाणी कुठेतरी जाणारच. ते माझ्या दुकानात येतं, किंवा पेठमापात एखाद्याच्या स्वयंपाकघरात.

असे वाद कचेरीतल्या सुनावणीत सुटत नाहीत, कारण तिथे प्रत्येक जण आपापल्या सर्व्हे नंबरापुरतं बोलतो. शेजाऱ्याचं नुकसान शेजाऱ्यासमोर मान्य करावं लागतं ते चारचौघांत. म्हणून सभा हवी, आणि ती लोक आधीच जमतात तिथे हवी. वेगळी सभा बोलावली तर कोण येतं ते आपण पाहिलेलं आहे. पुढच्या रांगेत ज्येष्ठ नागरिक, मागे दोन पत्रकार, आणि पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून आलेला एखादा.

हा विचार काही नवा नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती याच उन्हाच्या दिवसांत. कोर्टाला, शाळांना सुट्ट्या, माणसं मोकळी, संध्याकाळी जरा वारा. तेव्हा चार शहाण्या गोष्टी कानावर घालाव्यात आणि त्यांवर वाद व्हावेत. पुढे महाराष्ट्रभर गावोगाव तशा माला निघाल्या. आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, ज्याला आम्ही लोटिस्मा म्हणतो, ते तर १८६४ चं, म्हणजे पुण्याच्या मालेहूनही जुनं. दोन्ही महापुरांत त्यात पाणी शिरलं, पुस्तकं भिजली, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा उभं राहिलं. २०१३ च्या जानेवारीत आम्ही अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवलं. एवढं मोठं शिवधनुष्य उचलणाऱ्या शहराला संध्याकाळी एक तास नाल्यांवर बोलणं जड जावं का?

व्याख्यानमाला मला आवडतात, चुकवत नाही. पण हल्ली त्यांत इतिहासावर, अध्यात्मावर, ताणतणावाच्या व्यवस्थापनावर बोललं जातं. शिवरायांचं जलव्यवस्थापन या विषयाला सभागृह भरतं. आपल्या वॉर्डातल्या जलव्यवस्थापनाला वक्ता मिळत नाही, कारण त्यावर बोलायचं तर शेजारच्याचं नाव घ्यावं लागतं. इतर कामांचंही तेच. शहरातल्या बहादूरशेख नाक्यावरच्या उड्डाणपुलाचं बघा. १६ ऑक्टोबर २०२३ ला बांधकाम चालू असताना गर्डर कोसळले. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. त्यानंतर महिनाभर शहरात दुसरा विषय नव्हता, प्रत्येक चहाच्या टपरीवर इंजिनिअर बसलेला. पण पूल कसा असावा, खालून वाहतूक कशी जाईल, पावसाचं पाणी कुठे उतरेल, यावर काम सुरू होण्याआधी शहरासमोर कोणी नकाशा टांगून बोललं होतं का? परशुराम घाट रुंदीकरणासाठी २०२२ च्या उन्हाळ्यात दुपारचा बंद ठेवला, तेव्हा वेळापत्रक मात्र सगळ्यांना पाठ होतं. म्हणजे सांगायचं ठरवलं की सांगता येतं.

आता आक्षेप. पहिला ठरलेला : खेळात आणि देवाच्या कामात राजकारण आणू नका. अहो, मैदानाच्या चारही बाजूंना फलक लागलेत, त्यांवर हात जोडलेले चेहरे कोणाचे आहेत? चषकाला नाव कोणाचं आहे? राजकारण मैदानात केव्हाच आलंय, फक्त ते एका बाजूने बोलतं आणि दुसऱ्या बाजूने टाळ्या वाजतात. मी फक्त दुसऱ्या बाजूला माइक द्या म्हणते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मंडळाची पोरं म्हणतात, काकी, बक्षिसाचे पैसे ज्यांच्याकडून येतात त्यांनाच प्रश्न विचारले तर पुढच्या वर्षी पैसे कोण देईल? मला त्यांची अडचण कळते. मंडप, लाइट, माइक, प्रक्षेपण, पंचांचा मेहनताना, सगळं महाग झालंय. पण आमचा शिमगा बघा. गोवळकोटला करंजेश्वरीच्या उत्सवात शेरणी, म्हणजे जमिनीत पुरलेले नारळ, काढायची असतात तेव्हा लोटणाऱ्या गर्दीला कोणी प्रायोजक लागत नाही. पालखी घरोघरी जाते, प्रत्येक घर आपापल्या ऐपतीने देतं, म्हणून ती सगळ्यांची असते आणि मानपानाचं भांडणही सगळ्यांसमोर होतं. वर्गणी घरोघरची असली की आवाजही घरोघरचा असतो. एकाच्या खिशातून सगळं आलं की त्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं.

तिसरा आक्षेप माझा मीच घेते. रात्रीच्या मैदानावर बायका किती? फारच थोड्या. तिथेच सभा घेतली तर पुन्हा पुरुषच बोलणार. पण बायकांचेही उन्हाळी मेळावे आहेत. आमच्या आळीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. आंब्याची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांनी भरलेली ओटी. गेल्या वर्षी तिथे पाण्याचा विषय निघाला आणि बघता बघता सगळ्या आळीचा हिशेब झाला. पाणी पहिल्यांदा कोणाच्या न्हाणीच्या मोरीतून उलटं येतं, मग कोणाच्या जिन्याखाली, मग कुठल्या बोळातून रस्त्यावर. शिवनदीकडच्या मोरीचं तोंड सिमेंटच्या पायरीने कोणी अर्धं बुजवलंय, तेही निघालं. ती पायरी ज्यांची त्याही पन्ह्याचा पेला घेऊन तिथेच बसल्या होत्या. थोडं तोंड वाकडं झालं, पण मे संपायच्या आत पायरी फुटली. हे काम कुठल्याही अर्जाने एवढ्या लवकर झालं नसतं. घरात पाणी कुठून शिरतं याची जेवढी बारीक माहिती या बायकांना आहे, तेवढी कुठल्याही अहवालात सापडायची नाही. ती कोणी लिहून घेत नाही, एवढंच.

तेव्हा मागणी भाषणाची नाही, साध्या चार कागदांची आहे. दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, प्रत्येक प्रभागातल्या एका तरी उन्हाळी कार्यक्रमात, एक तास राखून ठेवावा. पहिला कागद गाळाचा : कुठून कुठवर काढला, किती काढला, कोणत्या सर्व्हे नंबरात टाकला. दुसरा नाल्यांचा : प्रभागातल्या प्रत्येक नाल्याचं आणि मोरीचं नाव, साफ केल्याची तारीख, केला नसेल तर का नाही. तिसरा इशाऱ्याचा : नदीची पातळी कितीवर गेली की भोंगा वाजणार, धरणातून पाणी सोडायच्या आधी निरोप कोण देणार, रात्री दोन वाजता कोणाचा फोन लागणार. चौथा नकाशा : पूररेषा, आराखड्यातले रस्ते आणि आरक्षणं, घरं ओळखू येतील एवढ्या मोठ्या मापात, फ्लेक्सवर छापून. वाढदिवसाला वीस फुटी फ्लेक्स लागतो, नकाशालाही लागू शकतो.

कागद वाचायला त्या प्रभागाचे नगरसेवक आणि नगरपरिषदेचा एक अभियंता असावा. अध्यक्ष वाचनालयाचा किंवा शाळेचा कोणीतरी, ज्याला कुठलं तिकीट नको आहे असा. प्रश्न लेखी घ्यावेत, म्हणजे आरडाओरडा कमी होईल आणि नोंदही राहील. ज्याचं उत्तर तेव्हा नसेल त्यापुढे तारीख लिहावी. हेच कागद पुढच्या मे महिन्यात परत बाहेर काढावेत आणि आधी तेच वाचावेत, मग नवे. कोळकेवाडीतून ग्रॅव्हिटीने पाणी आणायच्या योजनेची चर्चा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. गेल्या वर्षी काय सांगितलं होतं याचा कागद समोर असता तर तीच घोषणा पुन्हा नव्याने करायचं धाडस कोणाला झालं नसतं.

चाकरमान्यांनाही यात घ्यावं. त्यांचं मत मुंबईत असेल, पण घर इथे आहे, आई-वडील इथे आहेत आणि पुराच्या रात्री फोन लावून लावून वेडे होणारेही तेच असतात. त्यांच्यात रेल्वेत, महापालिकेत, बांधकाम खात्यात नोकरी केलेली माणसं आहेत. निविदा कशी वाचायची, मोजमाप पुस्तक म्हणजे काय, हे त्यांना कळतं. सुट्टीतली एक संध्याकाळ त्यांनी द्यावी. चषकाला देणगी देण्यापेक्षा ते गावाला जास्त उपयोगी पडेल.

एका तासाने पूर थांबेल असं समजण्याइतकी मी भोळी नाही. डोंगरात पाऊस कोसळला आणि भरतीची वेळ जुळली की पाणी येणारच. पण ते आल्यावर कोणी काय केलं नव्हतं हे शोधत बसण्यापेक्षा, येण्याआधी कोणी काय केलंय हे सगळ्यांना ठाऊक असलेलं बरं. निवडून आलेल्यांनाही ते सोयीचं आहे. ज्याने काम केलंय त्याला ते दाखवायला भरलेलं मैदान फुकट मिळेल. ज्याने केलं नाही त्याची अडचण होईल, आणि ती व्हावीच.

आमच्या आळीच्या मंडळाची पोरं लवकरच पावतीपुस्तक घेऊन दुकानात येतील. दरवर्षी मी विनातक्रार देते, यंदा दुप्पट देईन. अट एकच. कार्यक्रमपत्रिकेत अंतिम सामन्याच्या आधीचा एक तास या चार कागदांसाठी छापलेला दाखवा आणि मग पावती फाडा. बाजारपेठेतल्या बाकीच्या दुकानदारांनीही हेच सांगितलं, तर पत्रिका बदलायला एक आठवडासुद्धा लागणार नाही.